लग्नाची कॅसेट पेनड्राइव्हवर: दादरच्या दुकानाचा अनुभव

दुकान दादर पश्चिमेला आहे, स्टेशनवरून रानडे रोडने सात-आठ मिनिटं. पहिला मजला, जिना अरुंद. गुडघे दुखत असतील तर मुलाला पाठवा. नाव लिहीत नाही, कारण पुढे एक तक्रार आहे आणि मालक पोरगा तसा गुणी आहे.

आमच्या लग्नाची एकच व्हीएचएस कॅसेट. डिसेंबर १९८८, ई-१८०, म्हणजे तीन तासांची. पस्तीसेक पावसाळे कपाटात काढल्यावर रिळाच्या कडेला पांढरी भुकटी धरलेली. आधी एका दुकानदाराने नुसती बघूनच परत केली होती. या पोराने मात्र झाकण उघडून दाखवलं. अशी टेप तशीच व्हीसीआरमध्ये घातली तर बुरशी हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, बसते आणि पुढच्या गिऱ्हाइकाचीही कॅसेट नासते. म्हणून तो आधी टेप हळूहळू पुसून काढतो, दुसऱ्या चांगल्या खोक्यात भरतो आणि मगच लावतो. तीन तासांची टेप उतरवायला तीन तासच लागतात, तिथे घाई चालत नाही. साडेसहाशे रुपये, बुरशीचे तीनशे वेगळे. आठवडा सांगितला, सतरा दिवस लागले. फोन उचलतो, एवढं बरं.

चित्र छान आलंय. खालच्या कडेला एक पट्टी थरथरते, ती व्हीएचएसची जातच. सनई जरा फाटते.

तक्रार आहे ती 'सुधारित' फाइलची. चेहरे ठळक करून देतो म्हणून त्याने चारशे जास्त घेतले. त्या फाइलमध्ये माझे सासरे हसताना पूर्ण बत्तिशी दिसते. सासऱ्यांना तेव्हा वरचे दात नव्हते! विचारलं तर म्हणाला, "काकू, जिथे दिसत नाही तिथे सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं." चारशे रुपये परत मागितले, त्याने दोनशे दिले. तुम्ही गेलात तर मूळ फाइलच घ्या.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. मी तेहेतीस वर्षं सेशन्स कोर्टात स्टेनो होते. साक्षीदार बोलणार, जजसाहेब सांगणार, मी टाइप करणार. साक्षीदार म्हणतो "दिसला वाटतं", कागदावर उतरतं "मी पाहिले". सरतपासात, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला विचारताना, सूचक प्रश्न, म्हणजे उत्तर तोंडात घालणारे प्रश्न, विचारायला मनाई का आहे, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्याकडचे एक वकीलसाहेब एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्राच्या संशोधकांचा १९७४ चा प्रयोग रंगवून सांगायचे. विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या धडकल्या तेव्हा वेग किती होता. काहींना विचारताना 'धडकल्या'च्या जागी चक्काचूर झाल्यासारखा जबर शब्द घातला. आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच दिसली का? जबर शब्दवाल्या ५० जणांपैकी १६ 'हो' म्हणाले, 'धडकल्या'वाल्या ५० पैकी ७. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती.

हे सगळं पाठ असलेली मी घरात एक गोष्ट जन्मभर छातीठोकपणे सांगत आले: वन्सं आमच्या लग्नात मंगलाष्टकांना उभ्या राहिल्या नाहीत. मानपानात पैठणी आली नाही म्हणून रुसल्या आणि खाली पंगतीच्या हॉलमध्ये जाऊन बसल्या. मला त्या अजून डोळ्यांसमोर दिसतात. हिरवी साडी, लोखंडी खुर्ची, तोंड भिंतीकडे.

कॅसेटच्या एक्केचाळिसाव्या मिनिटाला अंतरपाट धरलाय. ह्यांच्या मागे, अगदी खांद्याला खांदा लागेल अशा, वन्सं. मोहरी रंगाची साडी, हातात करा. 'शुभमंगल सावधान'च्या वेळी कऱ्यावरचा नारळ घसरतो. त्या तो हनुवटीने दाबून धरतात आणि तशाच, मान वाकडी करून, उरलेल्या अक्षता टाकतात. मी ते चार वेळा मागे नेऊन बघितलं. हिरवी साडी अख्ख्या तीन तासांत कुठेच नाही.

साधी गोष्ट. मी अंतरपाटाआड होते, मान खाली, हातात हार. खालचा हॉल मला दिसणार कसा? कुठल्याही ज्युनिअर वकिलाने उलटतपासात पहिलाच प्रश्न हा घातला असता. पण घरात हरकत घेणारं कोण असतं! सासूबाई दर दिवाळीला विचारायच्या, "तेव्हा रुसून खाली बसली होती ना गं ती?" मी 'हो' म्हणायचे, आणि दर 'हो'बरोबर साडीचा रंग पक्का होत गेला असणार.

हे म्हणतात, वन्सं रुसल्या होत्या त्या धाकट्या दिरांच्या लग्नात, बोरिवलीला. असेल. पण कॅसेटमध्ये मागच्या रांगेतल्या टोपीवाल्याची आम्ही घरीच ओळख परेड घेतली, तर तिघांनी तीन नावं ठामपणे सांगितली. त्यात ह्यांनी सांगितलेला माणूस लग्नाआधीच वारला होता. तेव्हा ह्यांच्या साक्षीला किती वजन द्यायचं, हाही प्रश्नच.

भोगिनभाई खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९८३ साली म्हटलंय की साक्षीदाराची आठवण म्हणजे काही मनाच्या पडद्यावर पुन्हा लावलेली व्हिडिओटेप नव्हे, किरकोळ विसंगतींचा बाऊ करू नका. वकील हा निकाल ऊठसूट दाखवायचे. पण माझी विसंगती किरकोळ कुठली? मी तर अख्खी बाई उचलून खालच्या मजल्यावर नेऊन ठेवली. त्यापायी त्यांच्याशी कितीतरी सणांना तुटक बोलले, त्यांच्या मुलीच्या डोहाळजेवणाला कारण काढून गेले नाही.

परवा तेवढा तुकडा कापून वन्संना व्हॉट्सॅपवर पाठवला. दोन तास निळ्या खुणा, उत्तर नाही. मग फोन आला.

"अगं, ही मी? मी तर खाली बसले होते ना? सगळे तेच तर म्हणतात."

म्हटलं, "वन्सं, नारळ बघा. हनुवटी बघा."

"बघितली. हल्ली काहीही जोडून देतात म्हणे. तू त्या दुकानवाल्याला नीट विचारलंस का?"

रविवारी डोंबिवलीला त्यांच्याकडे जाणार आहे. पेनड्राइव्हवर मूळ फाइल आहेच, पण कॅसेटही बरोबर नेते. व्हीसीआर त्यांच्याकडेही नाही. मुद्देमाल म्हणून तरी समोर ठेवीन.