बिलात फायबर, दातात स्क्रू

माझी वरची दुसरी उपदाढ गेली. कीड खोलवर गेली होती, जुनं फिलिंग एका भिंतीसकट निघून आलं होतं, त्यामुळे रूट कॅनाल करावंच लागलं. ते नीट झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फसवणूक झाली ती त्यानंतर.

डॉक्टर म्हणाले, "दात आतून पोकळ झालाय. कॅपच्या आधी फायबर पोस्ट, म्हणजे मुळात बसवायची काचतंतूंची बारीक काडी, टाकू. सळई घातल्यावर खांब कसा पक्का होतो, तसा हा मूळ दातापेक्षाही मजबूत होईल." मी लगेच हो म्हटलं. सळईचा दाखला ऐकल्यावर कुणीही हो म्हणेल. पण तो साफ चुकीचा आहे, हे मला फार उशिरा कळलं.

त्या दिवशी डॉक्टरांनी बारीक किल्लीसारखं काहीतरी चिमटीत धरून दातात पिळायला सुरुवात केली. पाव फेरा, थांबायचं, पुन्हा पाव फेरा. दुखत नव्हतं, पण दर फेऱ्याला कर्र असा आवाज थेट कानात यायचा आणि दात आतून फाकतोय असं वाटायचं. मी हात वर करून विचारलं, "डॉक्टर, हे पिळावं लागतं का?" ते म्हणाले, "घट्ट बसायला नको का?" मी गप्प बसले. फायबर पोस्ट पिळून बसवतच नाहीत, सिमेंट लावून अलगद आत सरकवतात, एवढं तेव्हा माहीत असतं तर मी खुर्चीतून उठले असते.

चौदा महिन्यांनी त्या दाताच्या वर हिरडीवर पुळी आली. दाबली की खारट पू यायचा. कॅप मात्र जागच्या जागी घट्ट. या वेळी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी खुणा असलेली बारीक सळी हिरडीच्या कडेने फिरवली. सगळीकडे दोन-तीन मिलिमीटरवर अडणारी सळी एकाच जागी सरळ नऊपर्यंत आत गेली. मग त्यांनी एक्स-रे दाखवला. मुळाच्या मधोमध लख्ख पांढरी रेघ होती आणि तिच्या दोन्ही कडांना दातेरी आटे, अगदी लाकडात पिळायच्या स्क्रूसारखे. मुळाच्या एका बाजूने काळी सावली चढून टोकाभोवती आकड्यासारखी वळली होती.

"हा फायबर नाही," त्या म्हणाल्या. "धातूचा आट्यांचा पोस्ट आहे. मूळ उभं चिरलंय, दात काढावा लागेल."

मी पर्समधून बिल काढलं. त्यावर छापलं होतं, फायबर पोस्ट.

नावातला हा फरक एवढा महत्त्वाचा का, ते त्यांनी मला समजावलं. दाताचं डेंटिन, म्हणजे वरच्या कठीण आवरणाच्या आतला मुख्य भाग, चावताना किंचित लवतं. त्याचा ताठपणा साधारण १८ गिगापास्कल, काचतंतूंच्या पोस्टचा सुमारे २० ते ४०, तर स्टीलचा २०० च्या घरात. म्हणजे फायबर दाताबरोबर थोडा लवतो. स्टील लवत नाही, सगळा ताण मुळाच्या भिंतीवर ढकलतो. त्यात आटे असतील तर पोस्ट पिळतानाच पाचर ठोकल्यासारखं होतं. फायबर बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा सिमेंट सुटून पोस्ट निघून येतो. तो पुन्हा बसवता येतो. उभं चिरलेलं मूळ जोडता येत नाही.

म्हणून धातूचा प्रत्येक पोस्ट वाईट, असं मी म्हणणार नाही. मापाने ओतून घडवलेला धातूचा पोस्ट चांगले डॉक्टर आजही वापरतात. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत तसा दात कधीकधी फायबरवाल्यापेक्षा जास्त भार पेलतो, पण मोडतो तेव्हा बऱ्याचदा मुळातच मोडतो. कुठला घालायचा हे डॉक्टरांनी ठरवावं. एक सांगून दुसरा घालणं आणि पैसे महागड्याचे घेणं, याला मी फसवणूकच म्हणते.

त्याहून जास्त लागलं ते दुसरं खोटं, दात मजबूत होईल हे. पोस्टमुळे दात मजबूत होतच नाही. तो फक्त वरच्या बांधणीला धरून ठेवतो. सोरेन्सन आणि मार्टिनॉफ यांनी १९८४ साली रूट कॅनाल झालेल्या १२७३ दातांचा अभ्यास छापला. पोस्टने दातांचं आयुष्य लक्षणीय वाढलेलं त्यात दिसलं नाही. दाढा-उपदाढा टिकल्या त्या वरून झाकल्यामुळे. खरी ताकद उरलेल्या दातात असते. हिरडीच्या वर चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर निरोगी दात शिल्लक हवा, म्हणजे कॅप त्याला कड्यासारखी आवळून धरते. याला फेरूल म्हणतात. माझ्या दाताची बाहेरची भिंत हिरडीपर्यंत गेलेली होती. तिथे आवळायला काहीच नव्हतं, आणि हे मला कुणी सांगितलं नाही.

एक्स-रे घेऊन मी पहिल्या डॉक्टरांकडे गेले. आधी म्हणाले, "फायबरही असाच दिसतो." मी आट्यांवर बोट ठेवलं, तेव्हा म्हणाले, "स्क्रू जास्त पक्का असतो, तुमच्या भल्यासाठीच टाकला." माफी नाही, पैसे परत नाहीत. मी लेखी तक्रार दिली आहे.

तुमच्यावर ही वेळ आली तर पोस्ट बसवल्यावर आणि कॅप लावायच्या आधी एक्स-रे मागा आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवा. फायबर धातूइतका लख्ख पांढरा दिसत नाही. पोस्टचं पाकीट उघडण्याआधी बघायला मागा. चांगला डॉक्टर रागावत नाही, माझ्या दुसऱ्या डॉक्टरांनी प्रत्येक वस्तू दाखवून मगच हातात घेतली. आणि सगळ्यात आधी विचारा, हिरडीच्या वर किती दात उरलाय, आणि पोस्ट लागणारच आहे का?

दात काढल्यावर ट्रेमध्ये मुळाच्या दोन फाका पडल्या होत्या. दोन्हींच्या आतल्या अंगाला आट्यांचे करडे वळ उमटले होते. मी फोटो काढून तक्रारीला जोडला.

गेल्या महिन्यात माझ्या बहिणीच्या दाढेचं रूट कॅनाल झालं, तिलाही पोस्ट सांगितला होता. तिने हेच दोन प्रश्न विचारले. डॉक्टरांनी पुन्हा नीट तपासलं, तीन भिंती शाबूत निघाल्या. पोस्ट न घालताच तिची कॅप बसली.