वाशीच्या फळबाजारातली हापूसची पेटी: ‘तयार’ कुणाच्या भाषेत?

वाशीच्या एपीएमसी फळबाजारात पेटीकडे बोट दाखवून ‘तयार आहे का?’ विचारलं की ‘हो’ येतं, आणि फसगत तिथेच होते. बागायतदाराच्या तोंडी तयार म्हणजे झाडावर पूर्ण पोसलेलं, अजून कडक फळ; गाळ्यावर तयार म्हणजे आजच कापून खाण्याजोगं. इंग्रजीत पहिल्याला मॅच्युअर, दुसऱ्याला राइप. गंमत अशी की मॅच्युअर ज्या लॅटिन ‘मातुरुस’वरून आला, त्याचा अर्थही पिकलेला, वेळेवर आलेला असाच. आपला ‘पक्व’ संस्कृत ‘पच्’ धातूचा, शिजणं आणि पिकणं दोन्ही पोटात घेणारा. पीक, पाक, पक्का ही त्याचीच भावंडं.

म्हणून ‘किती आण्यांचा?’ असं विचारावं. सोळा आणे म्हणजे झाडावर पूर्ण पोसलेला; चौदा आणे, म्हणजे सुमारे 85 टक्के तयार, हे हापूस उतरवायचं योग्य माप. त्याआधी काढलेलं फळ रंगाने पिवळं होतं, पण साल सुरकुतते आणि गोडी येत नाही, कारण ज्या पिठाची (स्टार्चची) साखर व्हायची ते फळात साठलेलंच नसतं. उलट झाडावर जास्त राहिलं तर साका धरायची भीती: गरात पांढरट, आंबट, भुसभुशीत भाग. तो बाहेरून अजिबात दिसत नाही.

हातात घेऊन बघायचं ते असं. देठाशी खळगा पडलेला, दोन्ही खांदे देठाच्या वर आलेले, गडद हिरवा रंग फिकटलेला. पोसलेलं फळ पाण्यात बुडतं. देठ तुटून चीक ओघळलेली फळं बाजूला काढावीत. डाग तिथेच पडतो आणि कूजही तिथूनच सुरू होते.

घरी पिकवायचं असेल तर हा बाजार उत्तमच, कारण किरकोळ दुकानात सहसा न मिळणारी कडक पेटी इथे मिळते. भाताच्या पेंढ्यात एका थरात आढी घालावी, साधारण आठ-दहा दिवस, रोज हात फिरवून. कडक फळ फ्रिजमध्ये घातलं तर थंडीने पिकणं बिघडतं. कॅल्शियम कार्बाइडने पिकवायला कायद्याने बंदी आहे. एकाच दिवशी सगळी पेटी सारखी पिवळी, पण देठाशी वास नाही, अशी दिसली तर घेऊ नये.

दोनच माणसांच्या घराला पाच डझनी पेटी जड जाते, शेजाऱ्याबरोबर वाटून घ्यावी. आणि तळाचा थर बघू देत नसतील तर सरळ पुढच्या गाळ्यावर जावं.