नोंदीपुरते पक्षी टिपण्यासाठी ब्रिज कॅमेरा : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी निकॉनचा कूलपिक्स पी९५० हा ब्रिज कॅमेरा (न बदलता येणारी, लांब झूमची लेन्स असलेला कॅमेरा) घेतला आणि तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक रविवारी तो पुण्याच्या आसपासच्या पाणवठ्यांवर माझ्यासोबत आला आहे. भिंतीवर लावण्याजोगी छायाचित्रे मला काढायची नव्हती. मला हवे होते नोंदीचे छायाचित्र, म्हणजे घरी येऊन पुस्तक उघडल्यावर ज्याच्या आधारे पक्ष्याची ओळख निश्चित करता येईल आणि ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावरच्या यादीला पुरावा म्हणून जोडता येईल असे. पुढचे सगळे मत या एका गरजेच्या मापाने वाचावे.

ही गरज नेमकी कुठे निर्माण होते, ते पुण्याजवळच्या कवडीपाटच्या बंधाऱ्यावर उभे राहिले की कळते. हिवाळ्यात तिथे चक्रवाक आणि शेकाटे दुर्बिणीतून सहज ओळखता येतात. त्यांच्यासाठी कॅमेऱ्याची गरजच नाही. अडचण येते ती पलीकडच्या चिखलात शेपूट हलवत चालणाऱ्या तुतवार या लहान पाणपक्ष्यांची. ठिपकेवाल्या तुतवाराची पांढरी भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, पाय पिवळसर असतात आणि पाठीवरचे ठिपके ठळक दिसतात. हिरव्या तुतवाराची पाठ गडद असते, भुवई डोळ्यापुढेच संपते आणि उडताना पंखांची खालची बाजू काळपट दिसते. माझ्या ८×४२ दुर्बिणीतून पन्नास मीटरवर मला हे फरक खात्रीने सांगता येत नव्हते, आणि अनेक वर्षे माझ्या वहीत नुसते 'तुतवार, प्रश्नचिन्ह' असे लिहिलेले राहिले.

निवड करताना मी चार कॅमेऱ्यांचा विचार केला होता. कॅननचा एसएक्स७० वजनाला सुमारे ६०० ग्रॅम आणि झूम १३६५ मिमीपर्यंत जाणारा (मिमीचा आकडा जितका मोठा तितका दूरचा पक्षी मोठा दिसतो); निकॉनचाच पी१००० हा ३००० मिमीपर्यंत पोहोचणारा, पण १४०० ग्रॅमहून जड; सोनीचा आरएक्स१० मालिकेतला चौथा कॅमेरा ६०० मिमीपर्यंतच जाणारा, पण त्याचा एक इंची सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) इतरांच्या सेन्सरपेक्षा क्षेत्रफळाने सुमारे चौपट; आणि पी९५०, २००० मिमी आणि साधारण एक किलो. (मिमीचे हे सर्व आकडे ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्याच्या तुलनेतले आहेत.) सोनीचा फोकस वेगवान आहे आणि मंद प्रकाशात तो या सर्वांच्या पुढे आहे, यात शंका नाही, पण त्याची किंमत माझ्या आवाक्यात नव्हती.

किंमत बाजूला ठेवली तरी एक साधे गणित मला महत्त्वाचे वाटले. २००० मिमीला पन्नास मीटरवर चौकटीत सुमारे ९० सेंटिमीटर रुंदीचे दृश्य मावते, म्हणजे चिमणीएवढा, १५ सेंटिमीटरचा पक्षी चौकटीचा सहावा भाग व्यापतो. ६०० मिमीला तेच दृश्य तीन मीटरचे होते आणि तोच पक्षी विसाव्या भागात येतो. पिक्सेलच्या हिशोबात हा फरक साधारण पावणेआठशे विरुद्ध पावणेतीनशे असा पडतो. मोठ्या सेन्सरचा एकेक पिक्सेल अधिक स्वच्छ असतो हे खरे, परंतु पायाचा रंग आणि भुवईची लांबी पाहण्यासाठी मला आधी पिक्सेल हवे होते.

हेच गणित पुढे नेले तर पी१००० घ्यायला हवा होता, असे कोणी म्हणेल. आठ महिन्यांनंतर माझे मत उलट दिशेने पक्के झाले आहे. लांबच्या पक्ष्याच्या छायाचित्राची मर्यादा बहुतेक वेळा झूम ठरवत नाही, मधली हवा ठरवते. भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यावर सकाळी सातला काढलेल्या पट्टकदंब हंसांच्या छायाचित्रात डोक्यावरचे दोन्ही काळे पट्टे वेगळे दिसतात. साडेदहानंतर तितक्याच अंतरावरून काढलेल्या छायाचित्रात पक्षी पाण्यातल्या प्रतिबिंबासारखा थरथरतो आणि कोणत्याही सेटिंगने त्यात सुधारणा होत नाही. ऊन चढल्यावर मी स्वतःहून १२०० मिमीच्या आसपास थांबतो. त्यामुळे सुरुवातीला एसएक्स७० मी मनातून फार लवकर काढून टाकला, असे आता वाटते. ज्यांना खांद्यावर एक किलो वजन नको आहे त्यांनी त्याचा गंभीरपणे विचार करावा, कारण जड म्हणून घरी राहिलेल्या कॅमेऱ्याने एकही नोंद होत नाही.

दुसरी मर्यादा प्रकाशाची. लेन्स पूर्ण लांबवल्यावर प्रकाश आत घेणारे छिद्र एफ ६.५ इतकेच, म्हणजे थोडेच, उघडते आणि सेन्सर नखाएवढा आहे, तेव्हा ही मर्यादा या आकाराच्या सेन्सरच्या सर्वच कॅमेऱ्यांना लागू पडते. माझ्या अनुभवात आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ४०० पर्यंत पिसांचा पोत टिकतो, ८०० ला तो पुसट होऊ लागतो, आणि १६०० ला रंग व आकार एवढेच उरतात. मोकळ्या पाणवठ्यावर याने काही बिघडत नाही. परंतु सिंहगडाच्या दरीत झाडीतल्या सावलीत फिरणाऱ्या वटवट्यांचे एकही छायाचित्र मला निःसंशय म्हणावे असे मिळाले नाही. ज्यांचे पक्षिनिरीक्षण मुख्यतः जंगलात चालते त्यांनी हा प्रकारच घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगेन.

वापरण्याची पद्धत बसायला मला सहा आठवडे लागले. पूर्ण झूममध्ये पक्षी शोधणे म्हणजे एका अंशाच्या खिडकीतून आभाळ धुंडाळणे होय. आधी झूम आखूड ठेवून पक्ष्याजवळची ओळखीची खूण, एखादा दगड किंवा वाकलेली फांदी, चौकटीच्या मध्यावर आणायची आणि मग लेन्स लांबवायची. पक्षी हरवला तर झूम क्षणभर मागे आणणारे एक बटण लेन्सच्या बाजूला आहे. या कॅमेऱ्यातली मला सर्वांत उपयोगी वाटलेली सोय हीच. मोड-चकतीवर पक्षिनिरीक्षणासाठी वेगळी जागा दिलेली आहे आणि पहिले काही दिवस तिचा आधार वाटतो, पण पुढे मी शटर १/५०० सेकंदावर ठेवून आयएसओची वरची मर्यादा स्वतः ठरवू लागलो. आभाळाच्या पार्श्वभूमीवर बसलेली कापशी घार काळी पडू नये म्हणून उजेड एक टप्पा वाढवावा लागतो, आणि गडद पाण्यावरच्या बगळ्यासाठी तो तितकाच कमी करावा लागतो. गवताच्या काड्यांमागचा पक्षी असेल तर फोकसची चौकट लहानात लहान ठेवावी, अन्यथा काडी स्पष्ट येते आणि पक्षी धूसर राहतो.

उडत्या पक्ष्यांबाबत अपेक्षा माफक ठेवाव्यात. सावकाश घिरट्या घालणारी घार किंवा सरळ रेषेत जाणारे चित्रबलाक साधतात, परंतु सासवडच्या माळावर गवतालगत वळणे घेत जाणाऱ्या भोवत्या या शिकारी पक्ष्याच्या मादीचे चाळीसहून अधिक प्रयत्नांतून एकच छायाचित्र कामाचे निघाले.

बॅटरीचा अधिकृत आकडा सुमारे २९० छायाचित्रांचा आहे. भिगवणच्या पूर्ण दिवसासाठी दुसरी बॅटरी जवळ असावीच. कॅमेऱ्यात जीपीएस नाही, म्हणून निघण्यापूर्वी मी त्याचे घड्याळ फोनच्या वेळेशी जुळवतो. मग संध्याकाळी छायाचित्राची वेळ आणि फोनवरच्या यादीची वेळ ताडून पाहता येते, आणि तो तुतवार कोणत्या काठावर दिसला होता हे आठवणीवर सोडावे लागत नाही. पावसापासून संरक्षण नाही, त्यामुळे जूनपासून तो सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात राहील.

लांब झूमचा एक लाभ मी खरेदीच्या वेळी मोजलाच नव्हता. भिगवणजवळच्या कुंभारगावला पूर्वी मी नावाड्याला रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांच्या आणखी जवळ नाव घ्यायला सांगत असे आणि थव्याने चरणे थांबवून माना उंच केल्या तरी माझे समाधान होत नसे. या हिवाळ्यात तीनही वेळा नाव लांबच उभी राहिली. थवा मान पाण्यात घालून चरत राहिला, आणि छायाचित्रांत गुलाबी चोचीचे काळे टोकही स्पष्ट आले आहे.