मानेचा काँट्रास्ट सीटी स्कॅन : यंत्र चोख, पहिला रिपोर्ट अपुरा

पुण्यातील एका निदान केंद्रात माझ्या वहिनींच्या मानेचा काँट्रास्टसह, म्हणजे शिरेतून आयोडीनयुक्त द्राव देऊन, सीटी स्कॅन झाला, त्या सेवेचे हे परीक्षण आहे. पुढे तक्रारही मांडायची असल्यामुळे केंद्राचे नाव देत नाही.

वहिनींना थायरॉइडचा पॅपिलरी कर्करोग असल्याचे सुईच्या तपासणीत, म्हणजे एफएनएसीत, आधीच निश्चित झाले होते. हा कर्करोग सहसा सावकाश वाढतो, पण मानेतील लसिकाग्रंथींमध्ये तो वारंवार शिरतो. त्यामुळे मानेच्या कोणत्या भागातील ग्रंथी काढायच्या, हे शस्त्रक्रियेपूर्वीच ठरवावे लागते. त्यासाठी पहिली तपासणी सोनोग्राफीचीच असते आणि ती झालीही होती. तथापि थायरॉइड जागेवर असताना तिच्यामागच्या आणि श्वासनलिकेलगतच्या ग्रंथी सोनोग्राफीत नीट दिसत नाहीत, तर घशामागची आणि छातीच्या हाडाआडची जागा जवळजवळ तिच्या आवाक्याबाहेरच राहते. वहिनींच्या गाठी मोठ्या होत्या, शिवाय आवाजही घोगरा झाला होता, म्हणून शल्यचिकित्सकांनी सीटी सांगितला. प्रत्येक रुग्णाला हा स्कॅन लागतोच असे नाही. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांतही आजार पुढे गेल्याची शंका असेल तेव्हा, सोनोग्राफीला पूरक म्हणूनच, तो सुचवलेला आहे.

केंद्राची पूर्वतयारी मला विशेष आवडली. क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या कामाच्या रक्तचाचणीचा) ताजा रिपोर्ट, दमा, औषधांची ॲलर्जी, थायरॉइडचे काम वाढलेले आहे का, या नेहमीच्या प्रश्नांनंतर तेथील डॉक्टरांनी विचारले, ‘शस्त्रक्रियेनंतर रेडिओआयोडीन द्यायचे ठरले आहे का, आणि केव्हा?’ या प्रश्नाला महत्त्व आहे. रेडिओआयोडीन म्हणजे शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या थायरॉइडच्या पेशी नष्ट करण्यासाठी दिले जाणारे किरणोत्सारी आयोडीन. काँट्रास्टमध्ये भरपूर आयोडीन असते आणि ते शरीरात असेपर्यंत रेडिओआयोडीन पेशींमध्ये पुरेसे शोषले जात नाही. या भीतीपोटी काही ठिकाणी काँट्रास्टशिवायच स्कॅन उरकला जातो, आणि मग ग्रंथी कोणती, रक्तवाहिनी कोणती, हेच धड ओळखता येत नाही. वास्तविक बहुतेक रुग्णांच्या शरीरातून हे जादा आयोडीन चार ते आठ आठवड्यांत निघून जाते, तेव्हा उपचाराची तारीख त्या बेताने ठरवली की काम भागते.

तंत्रज्ञ मुलगी कामात वाकबगार होती. मंगळसूत्र, कानातले आणि केसांतल्या पिना तिने काढायला लावल्या, काँट्रास्ट जाताना अंगभर गरम लाट येईल आणि लघवी झाल्यासारखे वाटेल, हे आधीच सांगून ठेवले, आणि ‘काकू, खांदे पायांकडे ओढून धरा, आवंढा गिळू नका’ असे दोनदा बजावले. खांद्यांची हाडे आड आली की मानेच्या खालच्या भागावर पट्टे उमटतात आणि नेमक्या तिथल्याच ग्रंथी झाकोळतात. प्रत्यक्ष स्कॅन काही मिनिटांतच आटोपला.

खरी निराशा रिपोर्टने केली. ‘मानेच्या उजव्या बाजूस अनेक वाढलेल्या लसिकाग्रंथी, सर्वांत मोठी १६ मिमी’ एवढ्यावर तो संपत होता. एवढ्या माहितीवर शल्यचिकित्सकाने काय करावे? ग्रंथी साध्या जंतुसंसर्गानेही वाढते आणि कर्करोग लहानशा ग्रंथीतही असू शकतो. म्हणून आकारापेक्षा तिचे रूप पाहायचे असते आणि ती कोणत्या लेव्हलला, म्हणजे मानेच्या क्रमांक दिलेल्या भागांपैकी कोणत्या भागात, आहे ते लिहायचे असते. आम्ही रेडिओलॉजिस्टांना भेटण्याची विनंती केली. त्यांनी कुरकुर न करता सगळी चित्रे पुन्हा उघडली आणि मानेतील मोठ्या शिरेलगतची एक ग्रंथी पडद्यावर मोठी करून दाखवली. तिचा निम्मा भाग पाण्याने भरलेला होता, उरलेला थायरॉइडसारखाच लख्ख उजळला होता, आणि कडेला कॅल्शियमचा बारीकसा पांढरा ठिपका होता. पॅपिलरी कर्करोग पसरल्याची शंका घ्यायला ही लक्षणे पुरेशी आहेत, असे ते म्हणाले. मात्र सीटी हा अंतिम पुरावा नव्हे, हेही त्यांनी स्वतःहून सांगितले. पुढे त्याच ग्रंथीची एफएनएसी झाली आणि सुई धुतलेल्या द्रावात थायरोग्लोब्युलिन, म्हणजे थायरॉइडच्याच पेशी बनवतात ते प्रथिन, तपासले गेले, तेव्हा शंका खरी ठरली.

सुधारित रिपोर्टात उजवीकडील लेव्हल ३ आणि ४, तसेच थायरॉइडभोवतीची लेव्हल ६ यांचा स्वतंत्र उल्लेख आला, श्वासनलिका व अन्ननलिका मोकळ्या असल्याचे आणि घशामागे ग्रंथी नसल्याचेही स्पष्ट लिहिले गेले. हे सगळे चित्रांत पहिल्या दिवसापासून होतेच. आम्ही विचारले नसते तर ते तसेच राहिले असते, म्हणून एवढ्या चांगल्या केंद्रालाही मी पाचांपैकी साडेतीनच गुण देतो.

आणखी एक व्यवहाराची बाब. काउंटरवर फक्त फिल्म देतात आणि तिच्यावर निवडक चित्रेच असतात. पातळ कापांसह संपूर्ण स्कॅन सीडीवर मिळतो, तोही मागितला तरच. शल्यचिकित्सकांनी फिल्म बाजूला ठेवून सीडीच पाहिली. रिपोर्टाच्या तळाशी काँट्रास्टचे नाव, मात्रा आणि तारीख छापलेली आहे ना, तेही तिथेच पाहून घ्यावे, कारण रेडिओआयोडीन देणाऱ्या न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांनी आम्हाला सर्वांत आधी तेच विचारले.