ठसा खोल होता, चित्र मात्र छापील

रोममध्ये जुनी चित्रं नि नकाशे विकणाऱ्या एका दुकानात मी ३८० युरो घालवले. अठराव्या शतकातला इटालियन चित्रकार पिरानेसी याच्या १७७८ च्या संग्रहातलं, वॉरिक कलश या प्राचीन रोमन संगमरवरी कलशाचं अस्सल एचिंग (तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून छापलेलं चित्र) म्हणून जे घरी आणलं, ते आजच्या ऑफसेट मशीनवर छापलेलं निघालं.

मी अगदीच अडाणी नव्हते, तिथेच घात झाला. एचिंग छापताना तांब्याचा पत्रा ओल्या कागदावर दाबला जातो आणि चित्राभोवती चौकोनी खोलगट कड उमटते, एवढं मला ठाऊक होतं. मी त्या कडेवर बोट फिरवलं आणि विक्रेत्याने ते पाहिलं. मग तो बोलतच सुटला. रोमजवळ तिवोलीला रोमन सम्राट हेड्रियनच्या वाड्याच्या परिसरात १७७१ च्या सुमारास कलशाचे तुकडे सापडले, ब्रिटिश राजदूत विल्यम हॅमिल्टनने ते घेतले, कलश आता ग्लासगोच्या बरेल संग्रहात आहे. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. (मूळ तुकड्यांना भरपूर नवं संगमरवर जोडून कलश उभा केला. म्हणजे परंपरा जुनीच!)

पुण्यात फ्रेम करायला दिलं. फ्रेमवाले काका पूर्वी छापखान्यात होते. भिंग लावून म्हणाले, "ताई, हे तर आमच्या मशीनवरचं."

मी डोळा लावला. कलशावर कोरलेल्या सिलेनस या म्हाताऱ्या वनदेवाच्या दाढीचे केस सलग रेघांचे असायला हवे होते, शाई कागदावर किंचित उठलेली. तिथे नुसते ठिपके. कागदाचा जुनाट पिवळेपणासुद्धा पिवळ्या, गुलाबी, निळ्या ठिपक्यांचा! कागद उजेडासमोर धरला, तर त्या काळच्या हातकागदात दिसणाऱ्या जाळीच्या रेघा कुठेच नाहीत. कड कोऱ्या पत्र्याने मागाहून दाबलेली. संग्रहालयांच्या नोंदींत पत्र्याचं माप असतं, त्याच्याशीही ती जुळेना.

बरं, "मूळ पत्र्यावरून काढलंय" हे खरं असलं तरी पुरत नाही. पिरानेसी १७७८ मध्येच गेला. पत्रे मुलांनी पॅरिसला नेले, तिथे १८३५ ते ३९ मध्ये दिदो या छापखान्याने त्यांवरून पुन्हा प्रती छापल्या, नंतर पत्रे रोमला परतले. प्रत कधीची, यावर किंमत खूप बदलते.

दुकानाला मेल केला. उत्तर आलं, तुम्ही हातात घेऊन, तपासून घेतलंत. पावती काढली, तर तिच्यावर एकच शब्द, 'स्ताम्पा'. म्हणजे छापील चित्र. १७७८, पिरानेसी, अस्सल, हे सगळं तो नुसतं तोंडाने बोलला होता.