पावतीवर ‘ट्रेनिंग फी’ लिहिलं होतं

परवा मावसबहिणीचा फोन आला. “ताई, मी सिलेक्ट झालो! ॲप डेव्हलपर म्हणून. फक्त शनिवारपर्यंत डिपॉझिट भरायला सांगितलंय.” आवाज इतका आनंदी होता की मला लगेच काही बोलवेना. किती म्हणून विचारलं, तर पन्नास हजार. एक रुपयाही देऊ नकोस म्हटलं आणि रात्रीच मावशीकडं गेले. बहिणीला जे सांगितलं तेच इथं लिहितेय. बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर, एमसीए करून कोल्हापुरातच नोकरी शोधणारी कितीतरी पोरं आहेत. पुण्यात खोली घेऊन नोकरी शोधायची ऐपत सगळ्यांच्या घरात नसते. आमच्याही घरात नव्हती.

पप्पा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला आहेत. गेल्या वर्षी जूनमध्ये कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात आली. कोल्हापुरातच आयटी जॉब, फ्रेशर चालतील, ३५ जणांची टीम. ॲप बनवणाऱ्या त्या स्टुडिओचं ऑफिस राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर होतं. काचेचं दार, थंडगार एसी. परीक्षा म्हणून वीस ॲप्टिट्यूडचे प्रश्न दिले. कोडची एक ओळही लिहायला लावली नाही. मुलाखत दहा मिनिटांची. त्यात पप्पा काय करतात, घर स्वतःचं आहे का, भावंडं किती, हे विचारलं. मला वाटलं, आपुलकीनं विचारतायत. घरातून किती पैसे निघतील याचा तो अंदाज होता, हे फार नंतर कळलं.

संध्याकाळी निवड झाल्याचा फोन आला. ४५ हजार डिपॉझिट, सहा महिन्यांनी पगारातून परत. पहिले तीन महिने बिनपगारी, चौथ्यापासून ५ हजार स्टायपेंड, सातव्यापासून १८ हजार पगार. दोन दिवसांत भरले नाहीत तर जागा दुसऱ्याला. आईची भिशी ऑगस्टमध्ये लागायची होती. तिनं शेजारच्या वहिनींना विनवून नंबर बदलून घेतला, २५ हजार आले. उरलेले २० हजार पप्पांनी पतसंस्थेतून काढले. रक्कम मालकाच्या वैयक्तिक यूपीआयवर गेली, कंपनीच्या खात्यावर नाही.

पावती हातात आली तेव्हा तिच्यावर ‘ट्रेनिंग फी, नॉन-रिफंडेबल’ छापलेलं होतं. मी एचआर मॅडमना विचारलं, हे तर डिपॉझिट आहे ना? त्या म्हणाल्या, “अगं ते सीएच्या हिशोबासाठी असतं, सगळ्यांच्याच पावतीवर तसं येतं.” माझ्यामागं रांगेत आणखी तिघं उभे होते. मी पावती घडी करून पर्समध्ये ठेवली. तिथंच चुकलं. पुढं जेव्हा जेव्हा पैसे मागितले, तेव्हा तीच पावती माझ्यापुढं धरली गेली: तुम्हाला शिकवलं, त्याची फी घेतली, डिपॉझिट कसलं?

त्याच दिवशी ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर बाँड झाला. दोन वर्षांच्या आत सोडलं तर दीड लाख भरायचे. दहावी, बारावी आणि पदवीची मूळ गुणपत्रकं ‘व्हेरिफिकेशन’साठी ठेवून घेतली. व्हेरिफिकेशनला मूळ कागद एकदा बघून परत देतात, कपाटात ठेवत नाहीत, एवढं मला तेव्हा कळायला हवं होतं.

आमच्या बॅचमध्ये बारा जण होतो. ३५ जणांची टीम म्हणजे आम्ही बारा, दोन सीनियर, एचआर मॅडम आणि मालक. बाकीची माणसं मला कधी दिसली नाहीत. खरोखर ३५ माणसं असती तर भविष्य निर्वाह निधी लागू झाला असता, कारण वीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला तो लागतो. ईपीएफओच्या साइटवर आस्थापनेचं नाव टाकून शोधता येतं. मला तिथं काहीच सापडलं नाही. नावापुढं प्रायव्हेट लिमिटेड लिहिलं होतं, तीही कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर नव्हती. भिंतीवर फ्रेम करून लावलेली होती ती शॉप ॲक्टची पावती. ठरावीक संख्येपेक्षा कमी माणसं दाखवली की तिथं फक्त ऑनलाइन माहिती कळवायची असते, पावती मिळते. त्या कागदानं काही सिद्ध होत नाही. हे सगळं घरी बसून पाच मिनिटांत बघता आलं असतं.

आता आत काम कसं चालायचं ते सांगते, कारण फसवणूक फक्त आमचीच नव्हती.

पहिले पंधरा दिवस यूट्यूबवरचे फ्लटरचे, म्हणजे मोबाइल ॲप बनवायच्या साधनाचे, व्हिडिओ बघायला लावले. हेच ते ट्रेनिंग. मग एक दिवस सीनियरनं पेनड्राइव्हवरून एक प्रोजेक्ट दिला आणि म्हणाला, यात रंग, लोगो आणि नावं बदला. कोडकॅन्यनसारख्या ऑनलाइन बाजारात तयार ॲपचे टेम्प्लेट विकत मिळतात. त्यात वाईट काही नाही, साध्या परवान्यात एका टेम्प्लेटवरून एकच ॲप करायचं असतं. इथं एका पिझ्झा ऑर्डरच्या टेम्प्लेटवरून सात-आठ ॲप झाली होती. किराणा, केक, पाण्याचे जार, सगळं त्याच पिझ्झावरून. क्लायंटला मात्र सांगायचे, तुमच्यासाठी शून्यापासून बनवतोय, चार महिने लागतील. आम्हाला नावं बदलायला नऊ दिवस लागायचे. गिट, म्हणजे कोडमध्ये कुणी काय बदललं ते जपून ठेवणारं साधन, नव्हतं. कोड झिप करून व्हॉट्सॲपवर फिरायचा. माझी फाइल दुसऱ्यानं ओव्हरराइट केली की दिवसाचं काम गेलं. कोड तपासायला कुणी बसायचं नाही.

माझ्याकडं आलेलं ॲप उत्तरेश्वर पेठेतल्या एका काकूंचं होतं. त्या कांदा-लसूण मसाला करतात. घरात दोन बायका हाताखाली, पुण्या-मुंबईला पार्सलं जातात, ऑर्डरी सगळ्या वहीत. ॲपचे १ लाख ८० हजार ठरले होते, त्यातले ६० हजार त्यांनी आधीच दिले होते. डेमोच्या दिवशी मालकानं माझी ओळख करून दिली, “ह्या आमच्या सीनियर डेव्हलपर, चार वर्षांचा अनुभव.” मला लागून दोन महिने झाले होते. मी गप्प बसले. काकूंनी पिशवीतून मसाल्याची बरणी काढून माझ्यापुढं ठेवली. म्हणाल्या, “खाऊन बघ पोरी, माल काय हाय ते तुला म्हाईत असाय पायजे.” मग चष्मा पुसून स्वतःच्या फोनवर ॲप उघडलं, मसाल्याच्या अर्ध्या किलोच्या पाकिटावर बोट ठेवलं. खाली पर्याय आला, ‘एक्स्ट्रा चीज’. काकूंनी माझ्याकडं बघितलं. मालक लगेच म्हणाले, ते टेस्टिंगसाठी असतं, उद्या निघेल.

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याआधीच मी दुसरी एक गोष्ट बघितली होती आणि ती चीजपेक्षा फार वाईट होती. सगळ्या ॲपची माहिती एकाच फायरबेस प्रोजेक्टमध्ये (फायरबेस म्हणजे ॲपची माहिती साठवायची गूगलची ऑनलाइन सेवा) होती आणि त्याचे नियम पूर्ण उघडे होते, म्हणजे कुणीही वाचा, कुणीही बदला. फायरबेसमध्ये टेस्ट मोड निवडला की सुरुवातीला तसंच असतं, पण ती सूट ३० दिवसांची. इथं मुद्दाम मुदत काढून टाकली होती. केकवाल्याच्या गिऱ्हाइकांची नावं, फोन, घरचे पत्ते मला माझ्या लॅपटॉपवर दिसत होते. मी सीनियरला दाखवलं. तो म्हणाला, लाँच झाल्यावर बघू. केकचं ॲप लाँच होऊन वर्ष झालं होतं.

तीन महिने संपायच्या आठवड्यात एक परीक्षा झाली. बारापैकी दहा नापास. स्टायपेंड सुरू व्हायच्या पाच दिवस आधी आम्हाला सांगितलं, परफॉर्मन्स नाही, घरून तयारी करा, बोलावू. पुढच्या सोमवारी नवीन बॅच बसलेली होती. तेव्हा मी वहीत हिशोब मांडला. बारा जणांचे ४५ हजार, म्हणजे ५ लाख ४० हजार, तीन महिन्यांत. तेवढ्यासाठी काकूंसारखी तीन ॲप पूर्ण करून द्यावी लागली असती. ॲप नीट झालं काय, न झालं काय, त्यांचं काही अडत नव्हतं. कमाई आमच्याकडून होती.

काकूंना मी जाऊन सांगितलं. उशीर झाला होता, उरलेल्यातले आणखी ८० हजार त्या देऊन बसल्या होत्या. त्यांनी खातं स्वतःच्या नावावर मागितलं तेव्हा स्टुडिओनं सांगितलं होतं, गूगल घरगुती बाईला प्ले स्टोअरचं खातं देत नाही. साफ खोटं. २५ डॉलर एकदाच भरून कुणालाही खातं काढता येतं. नव्या वैयक्तिक खात्याला मुख्य अट अशी की ॲप सगळ्यांना खुलं करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस त्याच्या चाचणीत सामील राहायचं. काकूंच्या बचत गटातच वीस बायका आहेत. आता ॲप स्टुडिओच्या खात्यावर आहे. ते दुसऱ्या खात्यावर हलवता येतं, पण अर्ज मूळ खातेदारालाच करावा लागतो, आणि त्यासाठी ते ३० हजार मागतायत. म्हणून ज्यांना ॲप करून घ्यायचंय त्यांनाही सांगते: प्ले स्टोअरचं खातं, डोमेन, फायरबेस, सगळं पहिल्या दिवसापासून स्वतःच्या ईमेलवर काढा आणि स्टुडिओला आत यायची परवानगी द्या, उलटं नको. बाहेरच्याकडून लिहून घेतलेला कोड नुसते पैसे दिले म्हणून आपल्या मालकीचा होत नाही. कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखी, सहीनं लिहून घ्यावा लागतो. करारात ती ओळ आहे का, बघा.

कोल्हापुरातले सगळेच तसे नाहीत, हे मनापासून सांगते. आता मी शाहूपुरीत सहा जणांच्या स्टुडिओत आहे. इथं मुलाखतीत माझ्यापुढं लॅपटॉप ठेवला, एक बिघडलेला छोटा प्रोजेक्ट दिला आणि सर शेजारी बसले. दोन तास. कुठं अडते, कसं शोधते, ते बघत होते. मला पूर्ण जमलं नाही, तरी घेतलं. मग चार दिवसांचं एक काम दिलं, त्याचे पैसे आधीच ठरवले आणि दिले. घरचं कुणी काय करतं हे आजवर कुणी विचारलेलं नाही. काम सुरू होण्याआधी क्लायंटबरोबर बसून एकेक स्क्रीन कागदावर उतरवतात, मग डिझाइन, मग कोड. प्रत्येकाची वेगळी ब्रँच, म्हणजे कोडची स्वतःची प्रत, असते आणि दुसऱ्यानं वाचल्याशिवाय कोड मुख्य ब्रँचमध्ये जात नाही. पहिल्या महिन्यात माझ्या एका कामावर सतरा शेरे आले होते. रडू आलं होतं, पण तीन महिन्यांत तिकडं जे शिकले नाही ते त्या सतरा शेऱ्यांत शिकले.

मावसबहिणीनं विचारलं, मग बाँड म्हणजे फसवणूकच का? तसं नाही. बाँड सरसकट बेकायदा नसतो. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका सरकारी बँकेचा २ लाखांचा बाँड ग्राह्य धरला. पण तिथं बँक पगार देत होती आणि भरतीवर तिचा खर्च झाला होता. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे कागदावर दीड लाख लिहिले म्हणून दीड लाख मिळत नाहीत, कोर्ट वाजवी भरपाई किती तेवढंच बघतं. ज्यांनी एक रुपया पगार दिला नाही त्यांच्या बाँडला घाबरून मी आणखी महिनाभर घरी बसून राहिले होते, बोलावतील या आशेनं. तिला मी एवढंच म्हटलं, त्यांना ईमेल कर. रक्कम परत मिळणारी आहे हे लेटरहेडवर लिहून द्या, कंपनीच्या खात्याचा नंबर द्या, मूळ कागद दाखवीन पण ठेवणार नाही. तोंडी बोलू नकोस, लिहूनच विचार. अजून उत्तर आलेलं नाही.

आम्ही पैसे मागायला एकेकटे जायचो तेव्हा दारातून परत पाठवायचे. मग पाच जणांचे आईवडील एकत्र गेले. पप्पांनी त्या दिवसाची हजेरी बुडवली. लेखी अर्ज दिला, पोच घेतली, त्याची प्रत पोलीस ठाण्यात दिली. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आहे, ते अर्जात घातलं होतं. गुणपत्रकं त्याच संध्याकाळी मिळाली. पैशांपैकी प्रत्येकाला दहा-दहा हजारांचे दोन चेक दिले. पहिला वटला. दुसरा परत आला. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते. आम्ही पाचही जणांनी बाराव्या दिवशी दिली. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत त्यांनी पैसे द्यायला हवे होते, दिले नाहीत, म्हणून आता कोर्टात तक्रार दाखल आहे. म्हणूनच इथं त्यांचं नाव लिहीत नाही.

आमच्या बॅचमधले बाकीचे सात जण, आणि नंतरच्या बॅचमधलं कुणी हे वाचत असेल तर पावती फेकू नका, फाडू नका. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, डिपॉझिट असा शब्द असलेले त्यांचे व्हॉट्सॲप मेसेज, बाँडचा फोटो, सगळं जपून ठेवा. फोन बदलणार असाल तर आधी चॅट एक्स्पोर्ट करा, आमच्यातल्या एकाचे मेसेज तसेच गेले. आणि अर्ज द्यायला एकटे जाऊ नका, घरच्यांना घेऊन जा.