डोनर्सचूज: वर्गासाठी मदत मागायची तर इथे मागा

ह्यूस्टनमधल्या एका सरकारी शाळेत मी तिसरीला शिकवते. वर्गासाठी शिक्षकांनी पदरमोड करायची हे अमेरिकेत इतकं गृहीत धरलेलं आहे, की आयकरातही त्यासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत वजावट मिळते. पण वजावटच ती, खर्च आधी आपल्याच खिशातून होतो. इथे शिकवणाऱ्या मराठी मैत्रिणी मला बरेचदा विचारतात, "डोनर्सचूजवर खरंच काही मिळतं का गं?" मिळतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डोनर्सचूज म्हणजे शिक्षकांच्या वर्गासाठी वेबसाइटवरून लोकांच्या देणग्या जमवणारी ना-नफा संस्था. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या चार्ल्स बेस्ट या शिक्षकाने ती २००० साली सुरू केली. आपण त्यांच्या ठरलेल्या विक्रेत्यांकडच्या वस्तू निवडायच्या, आपली मुलं कशी आहेत आणि ही वस्तू नेमकी कशाला हवी ते लिहायचं. मजकूर तपासला जातो आणि मग आपलं पान लोकांना दिसू लागतं. पैसे जमले की संस्था स्वतः खरेदी करते आणि खोकं थेट शाळेत येतं. रोख रक्कम शिक्षकाच्या हातात येतच नाही, आणि मला हेच सगळ्यात पटतं. पावत्या जपायला नकोत, पैशांचं काय केलं म्हणून कुणाला उत्तर द्यायला नको. देणाऱ्यालाही प्रत्येक वस्तूची किंमत आणि वरचा खर्च समोर दिसतो.

मी विज्ञानासाठी दोन पारड्यांचे तराजू आणि वजनांचे संच मागितले होते. त्याआधी वस्तुमानाचा धडा आम्ही छापील चित्रांवरच उरकायचो. तराजू आले त्या आठवड्यात एका मुलीने एका पारड्यात फुगवलेला फुगा ठेवला आणि दुसऱ्यात खोडरबर. फुगा खाली जाणार अशी तिची खात्री होती, कारण तो केवढा मोठा! खोडरबराचं पारडं खाली गेलं. तिने फुगा उचलून पुन्हा ठेवला, मग पारड्यांची अदलाबदल करून पाहिली. तोवर तिच्या टेबलाभोवती निम्मा वर्ग जमला होता. मोठं म्हणजे जड नव्हे, हे मला सांगावंच लागलं नाही.

मागणी लहान आणि नेमकी ठेवा. पान साधारण चार महिने राहतं; तेवढ्यात रक्कम भरली नाही तर मागणी बंद होते आणि देणाऱ्यांना आपले पैसे दुसऱ्या वर्गाकडे वळवता येतात. लिहिताना "बिचारी गरीब मुलं" हा सूर कृपा करून लावू नका. ते पान उद्या त्यांचे आईवडील वाचतील. मुलं काय विचारतात, कशात रमतात ते लिहा. लोक त्यालाच पैसे देतात.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. देणगी देताना संस्थेच्या खर्चासाठी १५ टक्के आधीच धरलेले असतात. ते बदलता येतात, काढूनही टाकता येतात, पण घाईत लक्षात येत नाही. नंतर आभाराचं पत्र आणि फोटो पाठवावे लागतात, त्यासाठी पालकांची लेखी संमती गोळा करायची. हे काम वेळखाऊ आहे. वस्तू शाळेच्या मालकीची असते, शिक्षकाची नाही. काही स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेत) अशी मदत मागायला आधी परवानगी लागते, ते मुख्याध्यापकांना विचारून घ्या. आणि ज्या शिक्षकांच्या ओळखीपाळखीत पैसेवाले आहेत त्यांची पानं लवकर भरतात, ही विषमता मला मनापासून सलते. तराजूसारखी वस्तू खरं तर शाळेच्या बजेटातूनच यायला हवी.

मोठ्या खर्चाला हा मार्ग नाही. त्यासाठी आपल्या डिस्ट्रिक्टचं एज्युकेशन फाउंडेशन, म्हणजे तिथल्या शाळांना अनुदान देणारी संस्था, आहे का ते पाहा. तिथे अर्ज लांबलचक, मुदत ठरलेली, पण रक्कम मोठी असू शकते.

माझी धाकटी बहीण सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. डोनर्सचूज तिच्या कामाचं नाही, ते फक्त अमेरिकेतल्या शाळांसाठी आहे. तिला मी शाळांना लोकांची मदत मिळवून देणारं केंद्र सरकारचं विद्यांजली पोर्टल दाखवलं. त्याची सध्याची आवृत्ती सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. शाळेने यूडायस क्रमांकाने (शाळेच्या सरकारी ओळख क्रमांकाने) नोंदणी करून गरज नोंदवायची. परदेशातले भारतीयही तिथे स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवू शकतात, तेव्हा आपल्या गावच्या शाळेचं नाव तिथे आहे का, ते जरूर बघा.

इथल्या पालकांनी डोनर्सचूजवर मुलांच्या शाळेचं नाव टाकून पाहावं. एखाद्या बाईंचं पान अर्धवट भरलेलं दिसलं तर उरलेली रक्कम द्या, आणि तुमची कंपनी देणगीइतकीच भर घालते का ते एचआरला विचारा. बऱ्याच कंपन्या घालतात.